पिशवीबरोबर काय गेलं

मावशीच्या लोखंडी पेटीत एक जुनी कॅरीबॅग आहे. (आमच्याकडे बायकांच्या बोलण्यात 'पिशवी' म्हटलं की दुसराच अर्थ निघतो, म्हणून कॅरीबॅग म्हणते.) तिच्यात रेशनकार्ड, सातबारा, धाकट्याचा शाळा सोडल्याचा दाखला आणि चार घड्या घातलेलं एक डिस्चार्ज कार्ड. कार्ड २०११ सालचं, तालुक्याच्या गावच्या एका खासगी दवाखान्यातलं. त्यावर निळ्या शाईत गिचमिड इंग्रजीत लिहिलंय : टीएएच, मग अधिकचं चिन्ह, मग बीएसओ. खाली 'आठ दिवसांनी टाके'.

घरात दहावी झालेली तीन माणसं, पण चौदा वर्षांत ही अक्षरं कुणी वाचली नाहीत. मलाही वाचता आली नाहीत. मी कार्डाचा फोटो काढून पुण्यातल्या एका डॉक्टर मैत्रिणीला पाठवला. ती म्हणाली, "टीएएच म्हणजे पोट उघडून अख्खं गर्भाशय काढलं. बीएसओ म्हणजे दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि दोन्ही अंडाशयं काढली. वय किती होतं गं?"

"चौतीस."

पलीकडून जरा वेळ काही आवाज आला नाही.

मावशी केज तालुक्यातली. लग्नानंतर अठरा हंगाम तिनं ऊस तोडला. ऑपरेशनबद्दल तिला विचारलं तर ती एवढंच सांगते : पिशवी काढली. त्यानंतर वर्षभरात तिच्या अंगातून वाफा निघायला लागल्या. पौषातल्या थंडीत, फडाच्या कडेला पाचटाच्या खोपीत सगळे गोधड्या ओढून पडलेले असताना ही बाहेर येऊन उघड्यावर बसायची. अंग भिजलेलं, छाती धडधडतेय. झोप नाही. चिडचिड इतकी की एकदा पोराच्या पाठीत वाढ्याचा भारा फेकला आणि मग स्वतःच रडत बसली. सासू म्हणाली, बाहेरचं काही असेल. अंगारा झाला, लिंबू झालं. दवाखान्यात गेल्यावर पंधरा दिवसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या मिळाल्या. चव्वेचाळिसाव्या वर्षी अंगणात साधा पाय घसरला आणि मनगट मोडलं.

या सगळ्याचा पेटीतल्या कार्डाशी संबंध आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

*

'पिशवी' हा शब्द डॉक्टरही वापरतात, नर्सही आणि आशाताईही. सोपा आहे, सगळ्यांना कळतो. पण ऐकणाऱ्याच्या मनात तो वेगळंच काम करतो. पिशवी म्हणजे सामान ठेवायची वस्तू. सामान बाहेर आलं, दोन-तीन लेकरं झाली, की रिकामी पिशवी घरात कशाला ठेवायची? 'काय करायचीय आता?' हा प्रश्न त्या शब्दातच बसलेला आहे. अंडाशयाला मात्र असा घरगुती शब्दच नाही. 'अंडाशय' शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात भेटतो, 'बीजकोश' जुन्या आरोग्यविषयक पुस्तकांत. शहरात 'ओव्हरी' म्हणतात. मावशीच्या वस्तीवर यातला एकही शब्द चालत नाही.

आणि खरं काम तर तिथंच चालतं. गर्भाशय मूल वाढवतं आणि महिन्याला अस्तर टाकतं. अंडाशयं मात्र रोज काम करतात. बदामाएवढे दोन अवयव. मुलगी जन्मते तेव्हा त्यांत दहा ते वीस लाख बीजांचा साठा असतो. पाळी सुरू होईपर्यंत तो तीन-चार लाखांवर येतो आणि पाळी जाते तेव्हा हजारभर उरलेला असतो. त्यात नवी भर पडत नाही. या बीजांभोवतीच्या पेशी इस्ट्रोजेन तयार करतात. हाडांची झीज आवरणं, रक्तवाहिन्या लवचिक ठेवणं, मेंदूतलं तापमानाचं केंद्र शांत ठेवणं, योनीचा आणि मूत्रमार्गाचा ओलावा टिकवणं, झोप, मनःस्थिती या सगळ्यांत इस्ट्रोजेनचा हात असतो. पाळी आपसूक जाते तेव्हा ते काही वर्षं वरखाली होत उतरतं आणि शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. दोन्ही अंडाशयं काढली की ते एक-दोन दिवसांत कोसळतं.

अंडाशयं जागेवर ठेवून फक्त गर्भाशय काढलं तरी सगळं जसंच्या तसं राहतं असं नाही. अंडाशयाला रक्त दोन वाटांनी येतं. एक धमनी थेट महाधमनीतून उतरते, दुसरी शाखा गर्भाशयाच्या धमनीतून येते. गर्भाशय काढताना ही दुसरी वाट बंद होते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. अंडाशयं शाबूत ठेवून गर्भाशय काढलेल्या बायकांना त्यांनी चार वर्षं तपासलं, सोबत ऑपरेशन न झालेल्या तेवढ्याच वयाच्या बायकांना. पहिल्या गटात १४.८ टक्के बायकांची अंडाशयं त्या काळात थांबली, दुसऱ्या गटात ८ टक्के. आणि ही मोजदाद अंडाशयं राखलेल्यांची आहे. मावशीची तर राखलीच नव्हती.

*

२०१९ च्या उन्हाळ्यात बीड जिल्हा देशभर गाजला. 'गर्भाशय नसलेल्या बायकांची गावं' अशा मथळ्यांनी वर्तमानपत्रं भरली. जिल्ह्यातल्या वंजारवाडी गावाचं नाव दिल्लीपर्यंत गेलं. जूनमध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं की जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे साधारण सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. वयोगट अगदी सारखे नसतील, तरी फरक डोळ्यांत भरणारा आहे.

कारणं तेव्हा सगळ्यांनी लिहिली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दोघांच्या नावावर. एकजण आडवा पडला की कोयता बंद, आणि दिवसाच्या खाड्याला पाचशे रुपये दंड. पहाटे चारला फडात उतरायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. पाळी आली तरी तेच. संडास नाही, आडोसा नाही, कपडा धुवायला पाणी नाही. त्यातून आजार जडतो. पांढरं जातं, अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं. यातलं बरंच काही औषधांनी बरं होतं. पण औषधांचा कोर्स करायला, फेरतपासणीला पुन्हा यायला हंगामात वेळ कुठला? ऑपरेशन मात्र एकदाचं होऊन जातं. "सुटले बाई एकदाची," हे वाक्य मी त्या भागात इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की त्याचं ओझं आता माझ्याच मानेवर बसल्यासारखं वाटतं. त्या खोटं बोलत नव्हत्या. महिन्याच्या महिन्याला होणाऱ्या त्या हालांतून त्या खरंच सुटल्या होत्या.

या सुटकेला वरून धक्का दिला तो एका धमकीनं. मावशी सांगते, "डॉक्टर म्हणला, पिशवी सडलीय. ठिवली तर कॅन्सर व्हईल. मग ह्यो म्हणला, काढून टाका." सोनोग्राफीचा एक कागद, त्यावर गोल खूण, आणि तो शब्द. बावीस हजार मुकादमाकडून उचलले आणि ते फेडायला पुढचे दोन हंगाम गेले.

इथं मला शेजारच्या भागाबद्दल सांगितलं पाहिजे. केजहून बार्शी फार लांब नाही. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. पुढं त्याच हॉस्पिटलानं, मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरनं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, जगानं दखल घेतलेला एक प्रयोग केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका, गावांचे ५२ गट. काही गटांत एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी, काहींत इतर पद्धती, काहींत नेहमीचीच सेवा. २००९ मध्ये निष्कर्ष आले : आयुष्यात एकदा झालेल्या त्या तपासणीनं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. कॅन्सरची भीती खरी असेल तर तिच्यावरचा उपाय काही कोसांवर, गावोगाव फिरून सिद्ध झालेला होता. जिल्ह्याची हद्द ओलांडली की त्याच भीतीवर ऑपरेशन थिएटर चालत होतं.

२०१९ नंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. राजस्थानातले डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशाच ऑपरेशनांबद्दल केलेली जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये निकाली काढली. केंद्रानं केलेली मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असा आदेश दिला. चाळिशीच्या आतल्या प्रत्येक ऑपरेशनाचं कारण नोंदवणं त्यात आहे. २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं महाराष्ट्रातल्या साखरेबद्दल मोठी शोधबातमी छापली, त्यातही हाच विषय होता.

यातला प्रत्येक टप्पा गरजेचा होता. तरीही सगळीकडे मोजणीचं एकक तेच राहिलं : गर्भाशय. मथळ्यांत गर्भाशय, सभागृहात गर्भाशय, मोर्च्याच्या फलकावर गर्भाशय. आपणही, म्हणजे लिहिणारे, त्या पिशवीलाच चिकटून राहिलो, कारण तिच्याभोवती मातृत्वाची गोष्ट रचता येते. मावशीला तिसरं मूल नकोच होतं. तिची झोप गेली, हाड मोडलं, संसारातली जवळीक संपली. ती गोष्ट अंडाशयाची होती.

*

निरोगी अंडाशयं काढून टाकायची खोड बीडच्या दवाखान्यांची नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात रोम नावाचं गाव आहे. तिथं रॉबर्ट बॅटी या सर्जननं ऑगस्ट १८७२ मध्ये पाळीच्या त्रासानं गांजलेल्या एका तरुणीची अंडाशयं काढली. त्याच वर्षी इंग्लंडात लॉसन टेट आणि जर्मनीत आल्फ्रेड हेगार यांनीही तसंच केलं. पुढची काही दशकं 'बॅटीचं ऑपरेशन' जोरात चाललं. दुखणाऱ्या पाळीवर, फेफऱ्यावर, 'हिस्टेरिया'वर, वेडावरसुद्धा. अंडाशय रक्तात काही सोडतं हे तेव्हा ठाऊकच नव्हतं. इस्ट्रोजेन गटातलं पहिलं संप्रेरक वेगळं काढता आलं ते १९२९ मध्ये. बॅटीला अज्ञानाची सवलत देता येते. २०११ सालच्या डॉक्टरला ती कशी द्यायची?

त्याच इतिहासात एक दुसरी वाटही फुटते. ग्लासगोचे जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये लॅन्सेट नियतकालिकात एका ३३ वर्षांच्या बाईची हकीकत लिहिली. स्तनाचा कॅन्सर पसरलेला, काहीच करता येण्यासारखं नाही. बीटसननी तिची अंडाशयं काढली आणि गाठी विरघळत गेल्या. ती आणखी चार वर्षं जगली. काही कॅन्सर इस्ट्रोजेनवर पोसतात याचा तो पहिला पुरावा. म्हणजे अंडाशयं थांबवणं हाच कधी उपचार असतो, आणि तो जीव वाचवतो. मला ऑपरेशनाविरुद्ध काही म्हणायचं नाही. गर्भाशयात मोठ्या गाठी असतील, रक्तस्राव औषधांना दाद देत नसेल, कॅन्सर असेल तर काढावंच लागतं. आईला, बहिणीला अंडाशयाचा कॅन्सर झालेली, सदोष जनुक असलेली बाई दोन्ही अंडाशयं काढून घेते, ते शहाणपणाचं असतं. म्हणणं इतकंच की काय काढलं ते त्या बाईला कळलं पाहिजे, आणि नंतर काय करायचं तेही.

नंतरचं करण्यासारखं बरंच असतं. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या प्रसिद्ध दीर्घकालीन अभ्यासातल्या २९,३८० बायकांची माहिती २००९ मध्ये छापून आली. कॅन्सर नसताना गर्भाशय काढलेल्या या बायका. कुणाची अंडाशयं ठेवलेली, कुणाची काढलेली. काढलेल्यांत अंडाशयाचा आणि स्तनाचा कॅन्सर कमी झाला, पण हृदयविकार वाढला आणि एकूण मृत्यूही जास्त झाले. मेयो क्लिनिकच्या अभ्यासात ४५ च्या आत अंडाशयं काढलेल्या आणि त्यानंतर इस्ट्रोजेन न घेतलेल्या बायकांत मृत्यूचं प्रमाण लक्षणीय वाढलेलं दिसलं. म्हणून आज वैद्यक सांगतं : अकाली अंडाशयं गेलेल्या बाईला, इस्ट्रोजेनवर वाढणारा कॅन्सर किंवा तसंच दुसरं काही आड येत नसेल तर, पाळी जाण्याच्या स्वाभाविक वयापर्यंत बाहेरून इस्ट्रोजेन द्या. गर्भाशय नसेल तर काम आणखी सोपं, कारण अस्तराच्या रक्षणासाठी लागणारं दुसरं संप्रेरक द्यावं लागत नाही.

मग देत का नाहीत? एक भूत २००२ पासून मानगुटीवर आहे. त्या वर्षी अमेरिकेतली संप्रेरकांची एक मोठी चाचणी मध्येच थांबवली गेली, कारण स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढताना दिसला. जगभर गोळ्या बंद झाल्या. पण त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय होतं ६३, आणि त्या दोन संप्रेरकं घेत होत्या. गर्भाशय नसलेल्या आणि फक्त इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांची वेगळी चाचणी २००४ मध्ये पक्षाघाताचा धोका वाढल्यानं थांबली. स्तनाच्या कॅन्सरचा धोका तिच्यात वाढलेला नव्हता. त्रेसष्टीच्या आजींची भीती चौतिशीच्या बाईला लावली गेली. आणि आमच्याकडे तर भीती लावण्याइतकीही चर्चा झाली नाही. टाके निघाले की विषय संपला.

*

बार्शीच्या त्या हॉस्पिटलात दुसऱ्या टोकाच्या बायका भेटतात. गर्भाशयमुखाचा कॅन्सर झालेल्या, ओटीपोटावर किरण घेणाऱ्या. या उपचारात साधारण ४५ ते ५० ग्रे एवढी मात्रा दिली जाते. अंडाशयातली निम्मी बीजं मारायला दोन ग्रेसुद्धा जास्त होतात. अंडाशयं आधीच वर सरकवून किरणांच्या वाटेतून बाजूला बांधता येतात, काही तरुण बायकांत तसं करतातही. नाही तर काही आठवड्यांत अंडाशयं मावळतात, चाकू न लावता. जीव वाचणं पहिलं, याबद्दल कुणाचं दुमत नाही. पण जीव वाचल्यावर हीच बाई गावी जाऊन वाफांनी तळमळते, आणि कॅन्सर परत आला की काय या धास्तीनं रात्र काढते.

केमोचंही तसंच. सायक्लोफॉस्फमाइड नावाचं औषध अंडाशयाचा जुना वैरी आहे. वय जितकं पुढचं आणि मात्रा जितकी मोठी, तितका फटका मोठा. थॅलेसेमियाच्या मुलींना बोनमॅरो बदलण्याआधी जी जबर औषधं देतात त्यांत तर बहुतेकींची अंडाशयं वयात येण्याआधीच थांबतात. आई-बापांना त्या वेळी मुलगी जगेल का एवढंच दिसत असतं.

पण वाचवायच्या युक्त्या आहेत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत स्तनाच्या कॅन्सरच्या केमोबरोबर गोसेरेलिनची इंजेक्शनं देऊन अंडाशयं तात्पुरती झोपवली. दोन वर्षांनी अंडाशयं निकामी झालेल्यांचं प्रमाण ८ टक्के होतं, इंजेक्शनं न दिलेल्यांत २२ टक्के. बीजं किंवा भ्रूण गोठवून ठेवता येतात. लहान मुलींच्या अंडाशयाची चकतीच गोठवता येते. १९९७ साली हॉजकिन लिम्फोमाच्या उपचाराआधी एका तरुणीच्या अंडाशयाचा तुकडा ब्रसेल्समध्ये असा ठेवला होता. जाक डोनेझ यांच्या पथकानं तो २००३ मध्ये तिच्या शरीरात परत बसवला आणि २००४ मध्ये तिला मुलगी झाली. हे सगळं केमोच्या पहिल्या सलाइनआधी व्हावं लागतं. तेव्हा मिळतात दोन-तीन आठवडे. त्या दिवसांत घर कशात गुंतलेलं असतं? योजनेत आजार बसतो का, मुंबईत राहायचं कुठं, सोबत कोण थांबणार. मुलीनं डॉक्टरांना विचारायचं धाडस केलंच तर प्रश्न असतो, केस परत येतील का.

कायद्यालाही हे कळायला वेळ लागला. मार्च २०२३ मध्ये सरोगसीचा नियम बदलून बीज आणि शुक्राणू दोन्ही मूल हव्या असलेल्या जोडप्याचेच हवेत असं ठरलं. म्हणजे जिची अंडाशयं गेली ती दारातच अडली. बायका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ऑक्टोबरमध्ये न्यायालयानं एका प्रकरणात त्या नियमाला स्थगिती दिली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रानं दुरुस्ती केली : जिल्हा वैद्यकीय मंडळानं प्रमाणपत्र दिलं तर दात्याचं बीज चालेल. विधवा आणि घटस्फोटितांना मात्र अजून स्वतःचंच बीज लागतं. केमोनंतर नवऱ्यानं सोडलेली बाई या नियमात कुठं बसते, ते नियम करणाऱ्यांनाच ठाऊक.

*

दिवाळीआधी टोळ्या निघतात. मावशी आता फडावर जात नाही, तिची सून जाते. परवा तिच्याकडे गेले तेव्हा अंगणात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पत्रे, कोंबड्यांचं खुराडं चढत होतं. मी तिला सांगितलं की बार्शीला जाऊ, हाडांची तपासणी करू, आता अठ्ठेचाळीस झाली तरी काही गोळ्या चालतात का विचारू. ती म्हणाली, "गाडी गेल्यावर बघू."

मग तिनं पेटी उघडून कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं. "वाच की आता. तुला येतंय ना."

मी अक्षरांवर बोट ठेवलं. हे पिशवीचं. आणि हे जे पुढं लिहिलंय ना मावशी, ते पिशवीच्या दोन्ही अंगांना असतं त्याचं. ज्यात बीज असतं. तुझ्या अंगातून वाफा निघायच्या, झोप लागायची नाही, ते ह्यामुळं.

तिनं कार्ड परत घेतलं. उलटं धरलं, मग सुलटं.

"म्हंजे बीज बी काढलं?"

"हो."

"दोन्हीकडचं?"

बाहेर ट्रॅक्टर सुरू झाला. सुनेनं दारातून हाक मारली, "आत्याबाई, येतो आम्ही." मावशीनं कार्डाच्या जुन्याच घड्या घातल्या आणि सुनेच्या ओटीत तांदूळ घालायला उठली.